अमेरिकेतली मोजणी आणि शेपटाचं पाणी

वापसा आला की आमच्या घरी दोन गोष्टी एकदम सुरू होतात. रानात तिफण आणि ओसरीवर अमेरिका. यंदाही तसंच झालं. पाऊस उघडला, काळ्या रानाला ओलसर, जरासा आंबूस वास सुटला, अप्पांनी ज्वारीचं बी उन्हात पसरलं आणि तेवढ्यात अमेरिकेतून दादाचा निरोप आला, "सीझन सुरू. टीव्ही पुसून ठेवा." वासाचं एक वाईट असतं, तो विचारत नाही. मी पायरीवर बसून पत्रकांना घड्या घालत होते, तो नाकात शिरला आणि गेल्या सालचा सगळा मोसम साखळीसकट, तात्यांच्या नारळांसकट माझ्यापुढं येऊन बसला.

आधीच सांगते, मी ह्या खेळाच्या विरोधात होते. लेखी विरोधात. आमच्या तालुक्याच्या गावी, वाशीच्या बाजारात मी वाटलेल्या एका पत्रकात स्पष्ट म्हटलं होतं की, ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात आणि चेंडू बगलेत मारून पळतात, त्याची सुरुवातच फसवणुकीनं होते. चेंडूही गोल नाही, कैरीसारखा दोन्हीकडून निमुळता. खेळणारे मात्र असे धिप्पाड की एकेकाला दाव्याला बांधावं. अंगात छातीपर्यंत गादी, डोक्यात टोपडं, आणि दर मिनिटाला एकमेकांवर अशी उडी की आई म्हणायची, "अगं बाई, ह्यांना घरी कुणी वाट बघणारं हाय का न्हाय?"

दादा तिकडे एका शहरात कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. त्या शहराची टीम म्हणून ती आमची टीम. तिचं नाव घ्यायला आमच्या घरात कुणाची जीभ वळली नाही. निळी टोपडी घालतात म्हणून अप्पांनी त्यांचं नाव 'निळे' ठेवलं आणि ते कायम झालं. दादानं हे खूळ आमच्यावर का घातलं, ते मला उशिरा कळलं. त्याचं आणि अप्पांचं फोनवरचं बोलणं आटत चाललं होतं. "जेवलास का?" "व्हय." "थंडी हाय का?" "हाय." "ठेवू का मग?" "ठेवा." एवढ्यासाठी अर्धी पृथ्वी ओलांडून तार जोडायची! मग दादानं टीव्ही घेऊन दिला, त्याचा पासवर्ड दिला आणि हुकूम सोडला: सामना आमच्या झोपेत होतो, तर तो सोमवारी सकाळी लावायचा, आणि तोवर निकाल कुणी कुणाला सांगायचा नाही. धारा काढून झाल्या, चुलीवर चहा उकळला की अप्पा बाजेवर बसायचे आणि संपल्यावर दादाला फोन लावायचे. आता ते फोन संपेनात. "अरे, त्यो लंगडा कशाला पळवला त्यांनी?" असं अप्पा रागानं विचारायचे आणि तिकडून दादा हसत सुटायचा.

आता तात्या. तात्या म्हणजे अप्पांचे थोरले चुलतभाऊ, आमच्या कालव्याच्या पाणी वापर संस्थेचे चेअरमन, आणि म्हणून माझे जाहीर विरोधक. भांडण साधं आहे. तलावातून निघालेला कालवा ज्यांच्या रानाजवळून आधी जातो ते वरचे, जिथं संपतो ते शेपटाचे. तात्यांचं रान अगदी वर, कालव्याच्या तोंडाशी. सुंदरमावशीचं रान अगदी शेवटाला. तिच्या बांधापुढं कालवा नाही, नुसती वेडी बाभळ. ही मावशी माझ्या नात्यातली नाही, अख्ख्या गावाची आहे. नवरा गेल्यावर एकटीनं रान कसते आणि तोंडानं कुणाची उसनवारी ठेवत नाही. पाणी सुटलं की वरचे आधी भिजवणार, पुन्हा भिजवणार, बांधावरच्या लिंबालासुद्धा पाजणार, आणि मावशीच्या रानापर्यंत काय पोचणार? बातमी. पाणी सुटल्याची बातमी.

माझी मागणी एका ओळीची होती, आजही आहे: पहिलं पाणी शेपटाला, मग चढत वर. शेवटचं रान भिजल्याशिवाय वरच्याची पाळी नाही, असं ठरलं तर पाणी खाली लवकर पोचावं म्हणून वरचेच धडपडतील. हे मी ठळक टायपात छापलं, चौकात वाचलं, तात्यांच्या दाराला चिकटवलं. तात्यांनी ते काढून त्यात तंबाखू बांधली. म्हणाले, "पुढारणे, पाणी वरून खाली येतं. त्याला तुझं पत्रक वाचता येत न्हाय."

हे तात्या एका सोमवारी चहाला आले आणि टीव्हीपुढं अडकले.

पहिल्यांदा त्यांनी नाकं मुरडली. खेळ क्षणभर चालतो, शिट्टी होते, सगळे गोल करून माना खाली घालतात, कुजबुजतात, परत उभे राहतात. "हे खेळत्यात कमी," तात्या म्हणाले, "मासिक सभाच जास्त." अप्पांनी आपल्याला कळला तेवढा नियम सांगितला. चार खेपांत चेंडू दहा ढांगा पुढं न्यायचा. नेला तर परत चार खेपा मिळतात. नाही नेला तर चेंडू समोरच्याला द्यायचा. तात्यांनी जांभई दिली. आणि तेवढ्यात पडद्यावर ती माणसं आली.

मैदानाच्या कडेनं दोन काठ्या घेऊन माणसं पळत आत आली. दोन काठ्यांच्या मध्ये साखळी. चेंडू दहा ढांगा गेला की नाही, ह्याचा वाद पडला होता. एकानं काठी रोवली, दुसऱ्यानं साखळी ताणली, पंच गुडघ्यावर बसला. मैदानातली हजारो माणसं चिडीचूप.

तात्या बाजेवरून उठून उभे राहिले. "आरं," ते हलक्या आवाजात म्हणाले, "मोजणी आली."

ज्यानं आयुष्यात बांधाची मोजणी पाहिलेली नाही त्याला हे कळणार नाही. आमच्याकडे लग्नाला माणूस उशिरा जाईल, मोजणीला नाही. मोजणीदार येणार म्हटलं की आदल्या दिवशीपासून दोन्हीकडचे नातेवाईक जमतात, खुणेचा दगड कुणी हलवला ह्यावर रान पेटतं, आणि साखळी ताणली जाते त्या क्षणाला सख्खे भाऊ श्वास रोखून समोरासमोर उभे असतात. तात्यांच्या उमेदीची वर्षं बांधाच्या मोजण्यांत गेली. आणि आता सातासमुद्रापार, गादी घातलेल्या माणसांत, तीच साखळी! त्या दिवशी चेंडू वीतभर कमी पडला. तात्या कळवळले. "त्या काठीवाल्याला आधी च्या पाजायचा असतो. ह्यांच्यात कुणी जाणता माणूस न्हाय काय?"

तेव्हापासून तात्यांचा सोमवार आमच्या ओसरीवर. गोल झाला तरी ते सुपारी कातरत बसायचे, त्यांना त्यात राम वाटायचा नाही. चेंडू आपल्या बाजूला असताना तिसरी खेप फसली की मात्र ते पुढं सरकायचे. "न्हाय जमायचं. मोजणी लागंल बघ. लागू दे." ओसरीवर आणखी चार-दोन माणसं गोळा व्हायला लागली तीही मोजणीसाठीच. साखळी आत आली की रस्त्यानं जाणारासुद्धा सायकल टेकवून उभा राहायचा.

आणि तात्यांची जुनी सवय जागी झाली. त्यांनी आयुष्यात नवस बोलल्याशिवाय कुठलीच मोजणी होऊ दिली नव्हती. साखळी ताणली की हात आपोआप जोडले जायचे, डोळे मिटायचे, आणि येरमाळ्याच्या दिशेला तोंड: "आई येडेश्वरी, एवढी आपल्या बाजूनं दे. नारळ फोडीन." निळे जिंकायला लागले. दसरा-दिवाळी होऊन गव्हाची पेरणी झाली तोवर एका नारळाचे पाच झाले, पाचाचं तोरण झालं, तोरणाला खडीसाखर लागली, पुढं साडीचोळी. अमेरिकेतल्या एका श्रीमंत टीमच्या वाट्याचा नवस वाशी तालुक्यातला म्हातारा फेडत होता आणि टीमच्या मालकाला पत्ता नव्हता! मला हे असह्य झालं. मी पत्रक काढलं: 'नवस म्हणजे देवीला दिलेली लाच! लाच देणाऱ्याच्या हाती कालव्याची किल्ली कशी?' तात्यांनी ते मला ओसरीवर मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणाले, "चांगलं लिवतीस. मोजणी आली, सरक."

येळवशीचा, म्हणजे वेळ अमावस्येचा, दिवस आठवतो. त्या अमावस्येला आमच्याकडे गाव ओस पडतं, सगळं बिऱ्हाड रानात. ज्वारीच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे खोपटं, केलेली, आत पांडवांची पूजा मांडलेली, केळीच्या पानावर पालेभाज्यांची भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, आणि मातीचा मोगा भरून आंबील. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, वाऱ्यानं पात्यांची सळसळ. सुंदरमावशी आमच्याकडेच जेवायला होती. तात्या आंबिलीचा तिसरा पेला घेत होते आणि फोनवर दादा दिसत होता, तिकडे बर्फात टोपी घालून.

"दादा," अप्पांनी विचारलं, "ही आपली टीम आधी पार तळाला हुती म्हणतोस. मग एकदम वर कशी आली?"

दादा म्हणाला, "तळाला होती म्हणूनच आली अप्पा. इथं नियम आहे. दर साली नवे खेळाडू घ्यायचे असले की जी टीम सगळ्यात शेवटी, तिला पहिली निवड. जिंकलेल्याची पाळी सगळ्यात शेवटी. तो चेंडू फेकणारा पोरगा दिसतो ना, तो असाच मिळाला आपल्याला."

माझ्या हातातला उंडा पानात पडला. ज्या देशाविरुद्ध मी घसा कोरडा करून घोषणा दिल्या, तिथले धनदांडगे मालक शेवटच्याला पहिला हक्क देतात! आणि आमच्या कालव्यावर? मी तिथंच कोपीपुढं उभी राहून भाषण सुरू केलं.

"बस खाली," तात्या म्हणाले. "ती पोरं हायत, पाणी न्हाय."

"मग माझा गहू काय दगड हाय व्हय तात्या?" मावशी बोलली. "शेवटच्या, धाकल्या पोराला पंगतीत आधी वाढत्यात. माझ्या रानाला तेवढं बी न्हाय."

तात्यांनी आंबील संपवली. जाताना दादाला म्हणाले, "त्यो नेम मात्र बरा हाय तुमच्यातला."

मावशीनं गहू उशिरा पेरला होता. पाऊस लांबलेला, रान पाण्यानं चिभडलेलं, करणार काय? त्यामुळं माघात, जेव्हा वरच्यांचा गहू पिवळा पडायला लागला आणि त्यांना पाणी फक्त उसासाठी हवं होतं, तेव्हा मावशीचा नुकता चिकात आला होता. दाणा नखानं दाबला की दुधासारखा चीक यायचा. ह्या दिवसांत पाणी मिळालं तर तो दाणा भरतो, नाही मिळालं तर ओंबीत नुसता कोंडा. कालव्याचं शेवटचं आवर्तन आठवड्यावर आलं. मी पत्रकं काढली, सभेत उभी राहिले, आरडाओरडा केला. तात्यांनी जाहीर केलं: सोमवारी सकाळी दार उघडणार, पाणी वरून खाली, रिवाजाप्रमाणं.

आणि त्याच सोमवारी पहाटे निळ्यांचा शेवटचा सामना होता. जिंकले तर सगळ्या अमेरिकेत पहिले. हा एकच सामना आम्ही होत असताना पाहणार होतो.

तांबडं फुटायच्या आधी ओसरी भरली. घोंगड्या, शेकोटीचा वास, कपाळापर्यंत ओढलेले मफलर. तात्या आंघोळ करून, गंध लावून आले. सदऱ्याच्या वरच्या खिशात कालव्याच्या दाराची किल्ली. ती एवढी लांब की अर्धी बाहेर डोकावत होती. सामना संपला की इथूनच कालव्यावर जायचं, असा बेत. सुंदरमावशी उंबऱ्यावर येऊन बसली. तिला सामन्याशी घेणं नव्हतं. ती फक्त त्या किल्लीकडे बघत होती.

सामना कसा झाला ते मला नीट सांगता येणार नाही. मध्येच तासभर नाचगाणं होतं, दर क्षणाला जाहिराती होत्या. ऊन ओसरीच्या खांबाला आलं तेव्हा निळे जरासे पुढं होते आणि वेळ संपत आली होती. चौथी खेप. चेंडू आपल्याकडं राहिला तर घड्याळ संपणार आणि आपण जिंकणार. दहा ढांगा पुऱ्या नसतील तर चेंडू समोरच्याला. सगळे एकमेकांवर कोसळले. ढीग उपसला. पंचानं हात वर केला.

साखळी आत आली.

तात्या उभे राहिले, डोळे मिटले, हात जोडले. आणि गप्प. आम्ही वाट बघतोय, देवी वाट बघतेय, तात्यांना बोलायला काही सुचेना. नारळ झाले होते, तोरण झालं होतं, साखर झाली, साडीचोळी झाली. मोठ्या मोजणीला शोभेल असं शिल्लकच काही नव्हतं. पडद्यावर काठी रोवली गेली. तात्यांनी छाती धरली. तिथं हाताला किल्ली लागली.

"आई येडेश्वरी," ते ओरडले, "एवढी मोजणी आपल्या बाजूनं दे! आजचं पहिलं पाणी शेपटाला सोडीन!"

साखळी ताणली. चेंडूचं टोक काठीच्या बोटभर पुढं होतं.

ओसरी फुटली. अप्पांनी मफलर हवेत फेकला. दादा फोनमध्ये नाचत होता. कुणीतरी गुलाल आणायला पळालं. आणि ह्या सगळ्या गोंधळात उंबऱ्यावरून आवाज आला, अगदी शांत.

"म्या ऐकलं."

तात्यांच्या तोंडावरचं हसू हळूहळू उतरलं. "काय ऐकलं?"

"तुमी आईला काय बोललाव, ते."

"अगं सुंदरे, त्यो खेळाच्या भरात..."

"आईला सांगा की मग खेळाच्या भरात हुतं म्हणून. येरमाळा काय लांब हाय?"

तात्यांनी चौफेर पाहिलं. वरची माणसं पायाकडं बघत होती. मग त्यांची नजर माझ्यावर आली आणि त्यांना एकदम हुरूप आला. "ही वैशी हाय की! वैशे, तूच लिवलंस ना, नवस म्हंजे थोतांड? सांग हिला. सगळ्यांसमोर सांग."

सगळी ओसरी माझ्याकडं वळली. कॉलेजपासून मी हेच तर सांगत आले. नवस, अंगारे, उतारे, सगळ्यांवर माझं एकेक पत्रक आहे. मला एक वाक्य बोलायचं होतं, जे मी हजार वेळा बोलले असेन. मी मावशीकडं पाहिलं. तिच्या मुठीत एक हिरवी ओंबी होती, चुरगळलेली, बोटाला चीक लागलेला.

मी म्हणाले, "तात्या, पत्रकाचं सोडा. देवी लई कडक हाय."

माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यात लहान भाषण आणि तेवढंच यशस्वी झालेलं. मी त्याचा जाहीर खुलासा करणार नाही. ज्यांना खुलासा हवा त्यांनी आधी मावशीचा गहू बघून यावा.

तात्यांनी दार उघडलं. कालव्यातून वरच्या रानांकडं फुटणाऱ्या सगळ्या चाऱ्यांची तोंडं बंद, पाणी थेट शेपटाला. आणि मग मी ते दृश्य पाहिलं, जे मी ठळक टायपात छापून थकले होते. ज्यांनी जन्मात कालव्यातलं गवत उपटलं नाही ती वरची माणसं फावडी घेऊन पाण्याच्या पुढं पळत होती. बेशरमाची झुडपं उपटत होती, फुटीत चिखल कोंबत होती, एकमेकांवर ओरडत होती, "आरं, गळतंय तिथं! म्हातारीचं रान भिजल्याबिगर आपली पाळी न्हाय!" तात्या धोतर खोचून सगळ्यांच्या पुढं. पाणी मावशीच्या बांधाला लागलं तेव्हा तिनं त्यात पाय घातले आणि कुणालाच काही बोलली नाही. तिचं न बोलणं आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. गहू भरला. पाणी पुढं चढत वर गेलं आणि तात्यांच्या रानालाही पुरलं. ह्याबद्दल माझ्या पत्रकाचे आभार कुणीही मानले नाहीत. गावात आजही म्हणतात, येडेश्वरीनं निळ्यांना जिंकवलं आणि निळ्यांनी सुंदराला पाणी दिलं. माझा जाहीर निषेध आहे.

तर यंदाचा हा पहिला सामना. ओसरीवर तीच माणसं, तोच चहा. बाहेर तिफणीच्या घुंगरांचा आवाज. पण दोन गोष्टी बिघडल्यात. दादानं सांगितलं की विजेते म्हणून निळ्यांची निवड यंदा सगळ्यात शेवटी झाली. "म्हंजे जिंकल्याबद्दल शिक्षा," तात्या म्हणाले, पण नियम त्यांना पाठ होता. दुसरी गोष्ट जास्त वाईट. मोजणीला आता साखळी आत येत नाही. कॅमेरा मोजतो आणि पडद्यावर नुसतं चित्र येतं. तात्यांनी ते पाहिलं आणि सुपारी कातरायचे थांबले. "साखळी काढली? आपल्याकडं मोजणीला ते यंत्र आलं, तसंच? मग माणसानं उभं कशासाठी राहायचं?"

सुंदरमावशी आली. पाय पुसले, आणि ह्या वेळी उंबऱ्यावर न बसता सरळ बाजेवर अप्पांच्या शेजारी टेकली.

"बोला तात्या," ती म्हणाली. "काय बोलायचं ते आईला बोलून टाका."

"अगं, आज पहिलाच सामना हाय. आत्ताच कुठला नवस? आन् गेल्या सालचा फेडला की म्या. मिटलं ते."

"तुमचं मिटलं," मावशी म्हणाली. "माझं रान हाय तिथंच हाय. शेवटाला."

पडद्यावर ढीग उपसत होते, वाद पडला होता, कॅमेऱ्याचं चित्र यायचं होतं. मी तोंड उघडणार होते, अप्पांनी माझा हात दाबला. तात्यांनी टीव्हीवरची नजर काढली नाही. हात जोडले नाहीत, डोळे मिटले नाहीत.

"पहिलं पाणी तुझंच, सुंदरे," ते म्हणाले. "आता गप बस. मोजणी चाललीय."

नारळ नाही, तोरण नाही, देवीचं नाव नाही. हातातलं पत्रक मी उलटं केलं, कोऱ्या बाजूवर ते वाक्य शब्दाला शब्द उतरवलं, आणि पेन तयार ठेवलंय. खाली तात्यांची सही तेवढी राहिलीय. जाहिराती लागल्या की घेते.